ताईचा चौथा सूर

…आणि वर म्हणे चार सूर! अहो, चार! एक शब्द धड तोंडातून बाहेर काढायची मारामार, आणि यांचं म्हणणं, शब्द आला ना, छान, आता तो सुरात म्हणा. मी विचारलं, हे गाणं आहे का? तर नाही, गाणं नाही, साधंसुधं बोलणं आहे. 'पाणी द्या', 'गाडी इथे थांबवा', 'स्वच्छतागृह कुठे आहे'. आता तुम्हीच सांगा, स्वच्छतागृह कुठे आहे हे माणूस ज्या घटकेला विचारतो, त्या घटकेला त्याचं लक्ष सुरात असतं का हो?

तुम्हाला सांगतो, ही मँडरिन भाषा प्रवासापुरती शिकायची हे खूळ माझं नव्हे. मला आपल्या भाषेत गप्प बसता येतं, तेवढं पुरतं. खूळ आमच्या ताईचं! ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेत ड्रिलच्या बाई होती. होती म्हणजे काय, निवृत्त शाळेतून झाली, ड्रिलमधून नाही झाली. तिचा आवाज तुम्ही ऐकला नाहीत म्हणून असे आरामात बसलायत. ती नुसतं "दूध आलं का?" म्हणाली तरी शेजारच्या इमारतीतली माणसं पाय जुळवतात. मी लहानपणापासून ऐकतोय, तरी अजून फोनवर तिचा आवाज आला की मी खुर्चीतून उठून उभा राहतो. बायको म्हणते, "अहो, फोन आहे तो, बसा." कसा बसू? ताई बोलतेय ना!

तर या ताईचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा. लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर. कंपनीने परदेशी पाठवला, तिथे त्याची दाढ दुखली, आणि दाढ काढणाऱ्या डॉक्टरणीशी त्याने लग्न ठरवलं. माणसाने दाढ काढून घ्यावी आणि घरी यावं की नाही? पण नाही. मुलगी गुणी हं, नाव ठेवायला जागा नाही, इंग्रजीही चांगलं बोलते. अडचण तिच्या आईवडिलांची. त्यांना मँडरिनशिवाय दुसरं अक्षर येत नाही, आणि भेटायला तर जायलाच हवं. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे ताईबरोबर कोण जाणार? मी. मला कुणी विचारलं? छे! "पासपोर्ट काढून घे," झालं.

आता हे सगळं ठरत असताना भाचा एकदा फोनवर बोलता बोलता बोलून गेला. मी तिथेच होतो, फोन स्पीकरवर होता. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, तू ये गं. फक्त… तिथे तू फार बोलू नकोस. म्हणजे, मी सांगेन ना त्यांना काय ते."

ताई "बरं" म्हणाली. नुसतं "बरं"! आणि फोन ठेवून तिने टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छ होतं हो. तरी पुसत राहिली, पुसत राहिली, मला वाटलं आता रंग निघणार. मग फडकं झटकलं आणि म्हणाली, "मी त्यांच्याच भाषेत बोलेन. बघतेच, कसं बोलू देत नाही."

झालं! मोबाईलवर ते शिकवणारं ऍप आलं. त्यात एक बाई असते. ती बाई गोड आवाजात शब्द म्हणते, मग आपण म्हणायचा, बरोबर आला की हिरवी खूण, चुकला की लाल. ताईला लाल. पुन्हा म्हटला, पुन्हा लाल. आयुष्यभर दुसऱ्यांना "पुन्हा!" म्हणत आलेल्या बाईला ती मोबाईलमधली बाई म्हणायला लागली, "पुन्हा!" ताई मोबाईलकडे अशी बघायची, जसा काही तो रांगेत वाकडा उभा आहे. शेवटी भाच्याला फोन. तो ऐकायचा आणि म्हणायचा, "आई, शब्द बरोबर आहे गं. सूर चुकला."

हेच! तुम्हाला सांगतो, पुढे जे जे झालं ना, त्या सगळ्याच्या शेवटी हेच वाक्य उभं. शब्द बरोबर, सूर चुकला!

त्या सुरांचं काय आहे ते मला आता पाठ झालंय, कारण सरावाला मीच होतो. पहिला सूर सपाट. डॉक्टरपुढे जीभ काढून आपण "आऽऽऽ" करतो ना, तो. दुसरा वर चढणारा. फोनवर ऐकू आलं नाही की आपण "काय?" म्हणतो, तो. तिसरा खाली जाऊन वर येतो. कुणी थापा मारायला लागला की आपण "होऽऽ का" म्हणतो, तसा. आणि चौथा धाडकन खाली आपटणारा. "गप!" हा चौथा. आता आमच्या ताईकडे या चारांपैकी कुठला असणार? सांगायला हवं? चौथा, चौथा आणि चौथाच! तिचं "ये बाळ" चौथ्यात, "झोप आता" चौथ्यात, भाऊजी गेले तेव्हा रडलीसुद्धा चौथ्यात.

म्हणून तिचा एकच शब्द पहिल्या दिवसापासून अचूक होता. 'शिए शिए.' म्हणजे आभारी आहे. तो चौथ्यातला आहे. ती तो असा म्हणायची की समोरच्याने उपकार केले ते परत घ्यावेत. पण हिरवी खूण! ऍपमधल्या बाईचा नाइलाज झाला हो.

बाकीचे शब्द येईनात. मग ताईने काय करावं? तिने त्याचं ड्रिल बसवलं! खोटं सांगत नाही. सपाट सूर, हात बाजूला आडवे. चढता सूर, उजवा हात तिरका वर. तिसरा सूर, गुडघ्यात वाकायचं आणि उठायचं. चौथा, हात वरून कुऱ्हाडीसारखा खाली. शब्द म्हणायचा आणि सोबत ती हालचाल करायची. आणि काय सांगू, जमायला लागलं! हात वर गेला की सूर वर जायचा, गुडघे वाकले की सूर वाकायचा. सकाळी बाल्कनीत आम्ही दोघं, ती पुढे, मी मागे, हात आडवे, हात तिरके, उठा, बसा… समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ ब्रश तोंडात तसाच ठेवून बघत उभे राहायचे. मला तोंड लपवायला जागा नव्हती. या वयात उठाबशा! कशासाठी? तर 'नमस्कार, आपण कसे आहात' म्हणण्यासाठी!

आणि एक दिवस ती माझ्याकडे मोबाईल घेऊन आली. आवाज इतका खाली की मला वाटलं बरं नाहीये. म्हणाली, "या ऍपात टॅक्सी आहे, हॉटेल आहे, दुकान आहे. मला एक वाक्य वेगळं पाहिजे. भाषांतर करून दे."

"कुठलं?"

"माझा मुलगा इथे आनंदात आहे का?"

ती म्हणाली, "त्या मुलीच्या वडिलांना विचारायचंय. दर रविवारी हा त्यांच्याबरोबर मासे धरायला जातो. दिवसभर दोघं गळ टाकून बसतात. त्यांना माहीत असणार."

ताईला 'का' विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. काढून दिलं वाक्य, ऍपात स्वतःच टाकून, म्हणजे ती बाई तेही तपासेल. आधी प्रस्तावना, 'वो श्यांग वन नी', म्हणजे मला तुम्हाला विचारायचंय. त्यातला 'वन' म्हणजे विचारणं, तो चौथ्या सुरातला. ताई खूश! "हे तर माझं रोजचंच! वन, टू! वन, टू!" पहिल्या फटक्याला हिरवी खूण. मग पुढचा प्रश्न, त्यात शेवटी 'खायशिन'. मी म्हटलं, हे जेवणाचं आहे का? तर नाही, आनंदाचं आहे. आणि तो आनंद दोन्ही वेळा सपाट सुरात. डॉक्टरपुढचा आऽऽ. तो काही तिला येईना. खाय! शिन! असा आनंद म्हणायची की ऐकणाऱ्याने घाबरून हो म्हणावं. पण सोडलं नाही बरं का. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, हात आडवे करून "खाऽऽय शिऽऽन." तो आनंद सपाट करण्यात तिने इतका घाम गाळला, की शेवटी शेवटी मला त्या मोबाईलमधल्या बाईचाच राग यायला लागला. द्या ना एक हिरवी खूण! काय जातं तुमचं?

तर आम्ही पोचलो. विमानतळावरून टॅक्सी, टॅक्सीवाल्याला ताईने खणखणीत "शिए शिए!" ठोकला, तो दचकला, मग हसला, मान हलवली. ताई माझ्याकडे वळून बघते… काय ते तेज चेहऱ्यावर! मला म्हणाली, "बघितलंस? कळलं त्याला." भाचा घ्यायला आला होता, तो सामान उतरवत होता, त्यानेही ऐकलं. मला वाटलं, जमलं बुवा.

कसलं जमतंय! हॉटेलात भाचा आम्हाला सोडून कामावर गेला, संध्याकाळी येतो म्हणाला. खोली नीटनेटकी, दोन पलंग, टेबलावर किटली, चहाच्या पुड्या, पण कप एकच. ताई म्हणाली, "थांब, मागवते." मी म्हटलं, मी ग्लासात पितो. "ग्लासात कशाला? मला येतं." फोन उचलला, सावधानमध्ये उभी राहिली, आणि म्हणाली, "पेइझ!"

पेइझ म्हणजे कप. सपाट सूर, आऽऽ. पण एका हातात फोन, दुसऱ्या हातात किटलीचं झाकण. हात आडवे करणार कसे? गेला ना चौथ्यात! दहा मिनिटांत दार वाजलं. हॉटेलची मुलगी उभी, हसतमुख, हातात भली मोठी रजई. ताई म्हणाली, "नो, नो. पेइझ!" मुलगी रजईकडे बोट दाखवून म्हणाली, "पेइझ!" आणि पलंगावर ठेवून गेली. ताई चिडली. पुन्हा फोन. आता मला सांगा, माणूस चिडला की आवाज वर चढतो का सपाट होतो? आपटतो! "पेइझ! पेइझ!" आणखी एक रजई. या वेळी मुलीच्या चेहऱ्यावर काळजी. तिने भिंतीवरचं ते थंड हवेचं यंत्र बंद केलं, ताईच्या कपाळाला हात लावून बघितला. अहो, ताईच्या कपाळाला हात! आमच्या आईनंतर तिथे कुणी हात लावला नव्हता. तिसऱ्यांदा ताई जी काही ओरडलीय फोनमध्ये… एक मॅनेजर, ती मुलगी आणि आणखी एक माणूस, तिघं रजया घेऊन आले. आम्हाला बसायला जागा उरली नाही हो! मी एका रजईवर बसून दुसऱ्या रजईला टेकून, घामाने निथळत, ग्लासातून चहा पितोय, आणि भाचा दारात.

त्याने रजया बघितल्या. आईकडे बघितलं. तिने अगदी बारीक आवाजात सांगितलं, "मी फक्त कप मागितला." त्याने डोळे मिटले. "आई, शब्द बरोबर आहे गं. सूर चुकला. तू रजई मागत होतीस." आणि खाली गेला. मी मागे गेलो. तो त्या मॅनेजरपुढे मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होता, माफी मागत असणार, कान लालबुंद. लिफ्टमध्ये मला म्हणाला, "मामा, तिला सांग ना, उद्या त्यांच्या घरी जरा… हळू. गोड. नाहीतर नाहीच बोलली तरी चालेल."

आता हे मी ताईला कसं सांगू? पण सांगायची वेळच आली नाही. खोलीत आलो तर ती रजयांच्या घड्या घालत होती, अगदी कोपऱ्याला कोपरा लावून, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हळू बोलेन. कळलंय मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे जेवायला. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लहान, पण लखलखीत. दारात झाडांच्या कुंड्या, भिंतीवर होणाऱ्या सुनेचे शाळेतले फोटो. विहीणबाई एका दवाखान्यात हिशेबाच्या कामाला, चटपटीत, हसऱ्या. आणि व्याही… व्याह्यांनी आयुष्यभर बस चालवली, निवृत्त झाले, आणि मला वाटतं बसमध्ये जी काय गडबड ऐकायची ती ऐकून झाल्यामुळे स्वतः बोलायचे थांबले. इतका गप्प माणूस! उंच, किंचित पोक आलेला, हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. मला पाहताक्षणी आवडला.

टेबल लहान, माणसं सहा. ताई भिंतीच्या बाजूला, एकीकडे मी, एकीकडे विहीणबाई, कोपर हलवायला जागा नाही. सूप आलं, भात आला, भाज्या आल्या, भाचा इकडचं तिकडे तिकडचं इकडे सांगतोय, सगळं सुरळीत. ताई हळू बोलतेय. म्हणजे काय, बोलतच नाहीये. हसतेय. मला भीती वाटायला लागली. ताई इतका वेळ हसत बसली की काहीतरी होणार.

भाचा पाणी आणायला उठला आणि ताईने संधी साधली. सुपाचा वाडगा हातात, व्याह्यांकडे वळली. मला कळलं, आता प्रश्न येतोय. आणि तिने, अहो, माझ्या ताईने, आयुष्यात पहिल्यांदा, इतक्या मऊ, इतक्या अदबीने सुरुवात केली… आणि अदब दाखवायची म्हणून 'वन' म्हणता म्हणता ती वाकली. मान खाली घालून, कमरेत लवून, वाकली आणि पुन्हा वर आली. सुराचं काय होणार? रोज सकाळी बाल्कनीत शिकवलेलं अंग ते! अंग वाकलं, सूर वाकला. 'वन' गेला तिसऱ्यात.

विहीणबाईंचा चमचा हवेत. सुनेला ठसका लागला. आणि व्याही… कानाच्या पाळीपासून लाल व्हायला सुरुवात झाली ती टक्कल पार करून पलीकडे गेली. ताईला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. आणखी गोड. आणखी वाकून. थेट त्यांच्या डोळ्यांत बघून! व्याह्यांनी आपल्या बायकोकडे असं बघितलं, जसा काही त्यांनी लाल सिग्नल तोडला आणि समोर पोलीस उभा.

तेवढ्यात भाचा आला. हातात पाण्याचा जग. "आई! काय म्हणालीस तू?"

"काही नाही रे, विचारायचंय म्हटलं. वो श्यांग वन नी." आणि पुन्हा वाकली!

"आई, बस! थांब!" जग टेबलावर आपटला. "तू त्यांना म्हणतेयस, मला तुमचा मुका घ्यायचाय!"

तुम्हाला सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत बसून बघितलं. ताई. मुलींचे गुडघे स्कर्टच्या किती खाली झाकलेले असावेत हे पट्टीने मोजणारी ताई. विधवा बाई. पोराच्या सासऱ्याला, भर जेवणात, एकदा नाही, तीनदा! तिने वाडगा खाली ठेवला. अगदी आवाज न करता. उठली. मला ओलांडून, भिंतीला घासत, वाट काढत बाल्कनीत गेली आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. पाठ आमच्याकडे, हात शिवणीला, सावधान.

मी मागे गेलो. म्हटलं, "ताई, शब्द बरोबर होता…"

"गप!" म्हणाली. आणि तो 'गप'सुद्धा आपटला नाही हो. तिथेच विरला. "परत जाऊ या. आत्ता. त्याला माझी शरम वाटतेय. कालपासून वाटतेय. फोनवरही वाटत होती." खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. ती म्हणाली, "मी आयुष्यभर याच्याशी बोलले ना, ते सगळं असंच गेलं असेल का रे? मी कप म्हणत होते आणि त्याच्या अंगावर रजया पडत होत्या?"

एक टॉवेल वाळत होता, त्याचं टोक धरून उभा राहिलो.

आणि तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"आधी जेव!"

अहो, मी ताठ उभा राहिलो! आवाज पुरुषाचा, पण सूर ताईचा. ताईचा, हुबेहूब, तो धाडकन आपटणारा! ताई गर्रकन वळली. दारात व्याही. दोन्ही हातांत तिचा वाडगा, चेहरा अजून लाल, डोळे जमिनीकडे. आणि म्हणाले, मराठीत, "आधी जेव! पाठ सरळ!" आणि हे म्हणताना त्यांची स्वतःचीच पाठ सरळ झाली, पोक गेलं. "चपला जागेवर!" बहुधा तेवढंच येत होतं. संपलं. मग बोट ताईकडे केलं आणि म्हणाले, "आई."

भाचा मागे येऊन उभा राहिला होता, तो टाईल्स बघत होता. शेवटी सून पुढे आली आणि इंग्रजीत सांगायला लागली. म्हणाली, "आमच्याकडे हा हेच बोलतो. बाबा वाकून बसले की 'पाठ सरळ'. आई न खाता कामाला निघाली की 'आधी जेव'. आम्ही विचारलं, हे काय आहे? तर म्हणाला, माझी आई असं म्हणते. मग आम्हीही म्हणायला लागलो." आणि जरा थांबून म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुमच्या भाषेत प्रेमाने असंच बोलत असतील."

आता बघा, इथे ताईला बरं वाटायला हवं की नाही? मला तर वाटलं, आता ही हसणार, रडणार, काहीतरी करणार. नाही! तिने विचारलं काय, तर मला, हळूच, "मी अशी बोलते?"

"हो," म्हटलं. खोटं कशाला बोला?

"अशीच?"

"व्याही जरा सौम्य बोलले."

तिने पदराने तोंड पुसलं. व्याह्यांच्या हातातून वाडगा घेतला आणि तिथेच उभ्याने, कपड्यांच्या दोरीखाली, सगळं सूप पिऊन टाकलं. आज्ञा पाळल्यासारखं! आणि म्हणाली, "शिए शिए." बरोबर सुरात. व्याही हसले. भाचाही हसला, पण आईच्या डोळ्याला डोळा देईना, आणि तीही त्याच्या डोळ्याला देईना. दोघं त्या वाडग्याकडेच बघत होते. मायलेकांनी इतकं मन लावून रिकामा वाडगा बघितलेला मी कधी पाहिला नाही.

पुढचं जेवण झालं, फळं झाली, चहा झाला. आणि मंडळी, ताईचा प्रश्न? तो राहिलाच! प्रस्तावनेलाच एवढं रामायण झाल्यावर पुढचं वाक्य विचारायची कुणाची छाती होणार? तो सपाट केलेला आनंद तिच्या तोंडातच राहिला. निघताना दारात विहीणबाई पुढे झाल्या, ताईचे खांदे धरले, आणि तिच्या गालाचा खणखणीत मुका घेतला! मग सुनेला काहीतरी म्हणाल्या. सून हसून हसून बेजार, सांगेना. शेवटी म्हणाली, "आई म्हणतेय, हा बाबांच्या वतीने." ताई जिन्यावरून खाली येईपर्यंत गालावर हात ठेवून होती. जिन्यात मी पुढे, ती मागे, मला म्हणते, "मागे वळून बघू नकोस."

चार दिवस राहिलो, फिरलो, फोटो काढले. विमानतळावर भाचा सोडायला आला. मायलेक समोरासमोर उभे. मला वाटलं आता तरी. ताई म्हणाली, "जेवत जा वेळेवर." तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "त्या लिफ्टमध्ये काम करताना वीज बंद केलेली असते ना?" तो म्हणाला, "असते गं आई." ती म्हणाली, "जा मग, उशीर होईल तुला." तो गेला. काचेपलीकडून दोनदा वळून बघितलं त्याने. ती दोन्ही वेळा पिशवीत काहीतरी शोधत होती.

विमान उडालं. ताई खिडकीशी. शेवटी मला राहवेना हो. महिनेच्या महिने उठाबशा काढल्यायत मी, गुडघे गेलेत माझे, मला विचारायचा हक्क आहे की नाही? म्हटलं, "ताई, एवढी दुसऱ्यांची भाषा शिकलीस, चार सूर शिकलीस, परक्या माणसाकडे मुका मागून बसलीस… अगं, पोरगं समोर उभं होतं. त्यालाच विचारायचं होतंस ना सरळ. सुखी आहेस का रे? मराठीत!"

ताईने माझ्याकडे बघितलंच नाही. सीटचा पट्टा घट्ट केला, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाली,

"मराठीत लाज वाटते रे."

…आता बोला!